त्याले बेंडूक म्हनू नका

त्या दिवशी माह्या घरात कोन कोन होतं ते पयले सांगतो. माही जाऊ गिरजा होती. शेजारची सरू होती. मारोतीच्या देवळाजवळची काशीबाई होती, ते हळद-कुकवाचं ताट धरून दारातच उभी होती म्हनतात. अन आत फळीवर, काचाच्या बरनीत, भोंगा अन गुपचूप. एवढेच. मी नव्हती. मी आदिलाबादले गेलती, त्या दोघायसाठी अळ्या आनाले.

भोंगा अन गुपचूप हे पान्यातले बेंडकं. माहे नव्हते, मित्रा नावाच्या पोरीचे होते. मित्रा नागपूरले दवाखान्यात होती, अन जाताना मले सांगून गेलती का आजी, मी येईस्तोवर दोघायले जित्ते ठेवजो.

आता हे कोन मित्रा, अन म्हातारीच्या घरात बेंडकं काऊन, ते सांगतो. मले लिवता येत नाई. मी बोलून राह्यली अन नात लिवून राह्यली. मासिकाच्या अंकवाल्यायनं म्हनलं का तुमी जे काम केलं त्याच्यावर सांगा. बाकीचे लोकं मास्तरकीचं सांगतात, यष्टीतलं सांगतात, कोर्टातलं सांगतात. मी बेंडकं पोसले. तेच सांगन.

माहा मालक कापसाच्या जिनिंगात होता. रुईची धूळ छातीत बसली अन खोकून खोकून गेला. पोरगा लहान होता. भीमपूरच्या अलीकडं आमचं गाव, तठून मी आदिलाबादले आली. लोकायचे भांडे घासले. मंग राजन्नाच्या मासोळ्याच्या दुकानात झाडझूड कराले लागली. राजन्ना तेलुगू मानूस. मले अव्वा म्हने. त्यायच्यात म्हातारीले अव्वा म्हनतात. तवा मी काई म्हातारी नव्हती, पन पांढऱ्या कपाळाची बाई पाह्यली का लोकं तिले म्हातारीच करून टाकतात.

एक दिवस हैदराबादच्या गाडीनं हवा भरलेल्या पन्न्या आल्या. मासोळ्या म्हून मी खोलाले बसली तं आत बेंडकं. मी पन्नी खालीच ठेवली. राजन्ना हासला. म्हने, "अव्वा, ये आफ्रिका का है. पानी का मेंढक. शौकीन लोग लेते हैं." म्या म्हनलं, आमच्या गावात पावसाळ्यात पायाखाली येतात, तठी कोनी फुकट घेत नाई. पन लोकं घेत होते. अन त्यायचं पानी बदलाचं काम माह्याकडं आलं ते दुकान बंद होईस्तोवर माह्याकडंच राह्यलं.

तुमी पाह्यलं नसन, म्हून सांगतो. अंगठ्याच्या पेराएवढा जीव. रंग मातीचा, त्याच्यावर काळे ठिपके. चारी पायाच्या बोटायमंधी पडदे. मांगच्या पायाले तिळावानी काळे नखं. जन्मभर पान्यातच राह्यते, पन मासोळीवानी पान्यात श्वास घेत नाई. खालून वर येते, नाक बाहेर काढते, एक घोट हवा घेते, अन सर्रकन खाली. पान्याबाहेर ठेवला का अंग सुकते. अंग सुकलं का संपलं. झाकन ठेवा लागते, नाईतं उडी मारून बाहेर पडते अन फरशीवर वाळून जाते. नजर लय कमजोर. अळी चिमट्यानं नाकाफुडं धरा लागते. तवा वास लागते अन दोन्ही हातानं तोंडात कोंबते, लेकरू भात कोंबते तसं. कधी कधी अंगावरची कातडी सदऱ्यावानी काढते अन खाऊन टाकते. पयल्यांदा पाह्यलं तवा मी राजन्नाले हाक मारली का हे येडं झालं.

पान्याचं काम सगळ्यात मोठं. नळाच्या पान्यात बिलिचिंग राह्यते, ते तसंच टाकलं का मेलेच समजा. उघड्या टपात पानी ठेवाचं, त्याचा वास जाऊ द्याचा, मंग घ्याचं. थंडं नाई, कढत नाई, बाळंतिनीले देतात तसं कोमट. अन सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे हात. या जीवाच्या सगळ्या अंगाले तोंड हाये असं समजा. पान्यात जे पडलं ते कातडीतून आत जाते. साबन, तेल, मीठ, काईबी. मी तंबाकू खात होती. हाताले चुना-तंबाकू लागूनच राहे. माह्या आंधी जो मानूस पानी बदले तोबी खाये, अन त्याच्या हातानं एका अख्ख्या टाकीतले बेंडकं मेलते. राजन्नानं ते सांगतलं तवा मी पुडी नालीत फेकली. मालकानं बोलून बोलून सुटली नव्हती, ते बेंडकापायी सुटली.

पन एक गोष्ट मले त्या कामात कधी जमली नाई. ते म्हंजे लोकायच्या डोक्यातून बेंडूक काढनं.

नाव बेंडूक हाये न. बेंडूक म्हनलं का मानसाले वाटते मले सगळं माहीत हाये. मासोळी घेतली तं लोकं इचारत, काय खाते, पानी कधी बदलाचं. बेंडूक घेतला तं कोनी इचारे नाई. बेंडूक काय, जमिनीवरबी राह्यते, पान्यातबी राह्यते, त्यात काय शिकाचं! मी मांगून सांगत राहो अन ते गाडीले किक मारून निंगून जात.

एक बँकेतले साहेब होते. मोठा पगारदार मानूस, बोलाले गोड. जोडी घेऊन गेले अन पेपरात गुंडाळून परत घेऊन आले. खोलून पाह्यलं तं वाळल्या मिरच्यावानी झालते. म्हनले, "माल खराब दिला तुमी." म्या इचारलं, केलं काय तुमी. म्हनले, "काईच नाई. त्यायले बसाले गोटा ठेवला, पानी कमी केलं, अन गॅलरीत ठेवलं. थोडं ऊन भेटो म्हनलं." खरं सांगतो, मले रागबी आला नाई. मानसानं आपल्या हिशोबानं सोयच केलती. त्यायले दुसरी जोडी द्याले राजन्ना तयार झाला तं मी टाकीफुडून हटली नाई. म्या म्हनलं, साहेब, मासोळ्या न्या. मासोळीले तुमी गॅलरीत बसवान नाई.

राजन्ना मंग माह्यावर बोंबलला. "अव्वा, दुकान तेरा है क्या?" म्या म्हनलं, नाई बाप्पा, तुहंच हाये.

एक बार एका मानसानं पोराच्या वाढदिवसाले वाटाले म्हून ढीगभर नेले. एकेक बेंडूक एकेका पिलास्टिकच्या डबीत, पानी गच्च भरून, वरून झाकन दाबून, रिबन बांधून. मले राजन्नानंच भराले लावलं. म्या म्हनलं, याले वर येऊन हवा घ्या लागते, वरपर्यंत पानी भरलं तं नाक कुठी काढन? तो म्हनला, "दो घंटे का प्रोग्राम है अव्वा. घर जाके खोल लेंगे." कोनी खोलले असन, कोनी नसन. दुसऱ्या दिवशी एक पोरगी मायचं बोट धरून आली. डबी तशीच, रिबन तशीच. मले म्हने, "हा झोपला, उठतच नाई." तिची माय माह्याकडं पाहून राह्यली का आता ही बुढी काय सांगते. म्या सांगतलं, बेटा, हा मेला. माय रागावली माह्यावर. पन झोपला म्हनून काय सांगाचं? पोरगी वाट पाहत बसली असती.

सगळेच असे नव्हते. कोळशाच्या खानीतून रिटायर झालेला एक बावा मंचेरियलवून आलता, लेकीकडं राहाले. चालताना छाती घरघर वाजे. तो दुकानात इस्टुलावर बसून टाकीकडंच पाहत राहे. बेंडूक खालून वर आला, हवा घेतली, खाली गेला, का हा मान हालवे. एक दिवस म्हने, "बाई, मी जन्मभर हेच केलं. खाली उतरलो, वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली." त्यानं जोडी नेली. सांगतलं ते सगळं केलं. तो मेल्यावर त्याच्या लेकीनं बेंडकं आनून दिले तं अंगानं चांगले भरलेले होते. माह्या सगळ्या गिराहिकात तो एकच असा का ज्याच्या आंधी त्याचे बेंडकं मेले नाई.

आता मित्रा. तिचं पूर्न नाव संघमित्रा. तिची माय माया मॅडम, शाळेत शिकवे. बौद्धवाड्यातून शिकून वर आलेलं घर, भिंतीवर बाबासाहेबाचा मोठा फोटो, कपाटभर पुस्तकं. पोरगी अंगानं काडी. डोळे पिवळसर. तिले सिकल होता, रक्ताचा आजार. आमच्या इकडं लय घरात हाये. रक्तातले दाने इळ्यावानी वाकडे होतात म्हने, अन नसात अटकतात. मंग हाडं दुखतात ते असे का मोठ्या मानसानं भिंतीवर डोकं आपटावं. थंडं पानी लागलं, थंडी वाजली, का दुखनं उठलंच.

तिनं बेंडकाचा हट्ट धरला. मॅडमनं डाक्टरले इचारलं. डाक्टर म्हनले, पाहाले ठेवा, पन पोरीनं पान्यात हात घालाचा नाई, बेंडकाले हात लावाचा नाई. ह्या पान्यातून जुलाबाचे जंतू येतात, तिच्या हाडात घुसतीन. म्हून मॅडमनं मले लावलं. दर आठवड्याले मी जाऊन पानी बदलो, टाकी घासो, हात धुवो. मित्रा पलंगावर पालथी पडून काचाबाहेरून पाहे.

नाव ठेवले ते तिनंच. लट्ठ होती ते मादी. तिचं नाव गुपचूप.

म्या म्हनलं, "गुपचूप काऊन? बोलत नाई म्हून?"

"आजी, पोट पाह्य ना तिचं. गाडीवरची गुपचूप, पानीपुरीची पुरी, तेलातून काढल्यावर कशी फुगते."

"अन हा?"

"हा भोंगा. सांजच्याले वाजते न."

ते खरं होतं. नर आवाज करते. डबीत माशी कोंडल्यावानी, गुं गुं गुं. मादीले बलावते. मादी काईच बोलत नाई. मित्रा हासून म्हने, "आजी, हा एवढा बोंबलून राह्यला अन ते अळी खाऊन राह्यली."

ती मले पान्याचं इचारे. किती कोमट, कशानं पाह्याचं. म्या मनगट दाखवलं. मनगटाले ना थंडं ना गरम लागलं का बरोबर. एक दिवस म्हने, "म्हंजे माह्यासारखंच हाये त्यायचं. मलेबी असंच पानी लागते."

पुढं राजन्नाले लकवा मारला. पोरायनं दुकानात मोबाईल भरले. टाक्या भंगारात गेल्या. मी गावाकडं आली, पन आठवड्याले यष्टीत बसून मित्राकडं जात राह्यली. अन मंग त्या उन्हाळ्यात तिचं दुखनं असं उठलं का इथल्या दवाखान्यानं हात टेकले. नागपूरले न्या लागलं. मॅडम तिच्यासंग गेल्या. घराले कुलूप.

जायच्या दिवशी मित्रा गाडीत झोपून होती. ओठ सुकलेले. मले जवळ बलावलं अन जे बोलली ते वरतं सांगतलं. आजी, मी येईस्तोवर दोघायले जित्ते ठेवजो. मॅडम म्हनल्या, "मावशी, तिनं दुसरं काईच मांगतलं नाई हो." म्या म्हनलं, अमानत हाये ते माह्याकडं. तू ये.

स्टीलच्या डब्यात पानी घेऊन, झाकनाले भोकं पाडून, दोघायले मांडीवर धरून मी यष्टीत बसली. कंडक्टर म्हने, "अव्वा, डब्यात काय? वरन हाये का?" म्या म्हनलं, बेंडकं. तो मोठ्यानं हासला. तेलुगूत बेंडकाले कप्पा म्हनतात. "कप्पा? मंग तं पाऊस घेऊन चालली तू गावाले!" सगळी गाडी हासली. मीबी हासली.

घरी काचाच्या बरनीत ठेवले. वरून जाळीचं फडकं. उन्हाळ्याचा ताव, म्हून बरनीले ओलं पोतं गुंडाळो, अन मनगट लावून पाहत राहो. गावातले लोकं पाहाले येत. मॅडमचा फोन येये. मी फोन बरनीजवळ धरो. भोंगा वाजे. तिकडून मित्राचा बारीक आवाज येये, "अन गुपचूप काय करते?" मी म्हनो, खाऊन राह्यली.

त्या साली पावसानं दोन सरी दाखवल्या अन गेला. लोकायनं पेरलं होतं. कापूस उगवून वर आलता अन माना टाकून राह्यलता. गिरजाचं रान माह्या रानाले लागून. ती सकाळी जाये अन दुपारी तोंड काळं करून वापस येये. बायायनं ठरवलं का धोंडी काढाची.

बाहेरच्या लोकायले माहीत नसन. पाऊस लांबला का आमच्या इकडं बाया बेंडूक धरतात, ओल्या फडक्यात लिंबाच्या पाल्यात गुंडाळतात, मुसळाले बांधतात, हळद-कुकू लावतात अन दारोदार फिरतात. प्रत्येक घरची बाई मुसळावर पानी ओतते. बेंडूक वरडला का पाऊस येते म्हनतात. तेलुगू लोकं त्याले कप्पातल्ली म्हनतात, म्हंजे बेंडूकमाय. काम झालं का बेंडकाले सोडून देतात. बेंडूक मारत नाई कोनी. मीबी लहानपनापासून फिरली धोंडीत.

पन त्या साली बेंडूकच भेटेना. विहिरी आटल्या. हापशीजवळ चिखल राहे तठी आता सिमेट झालं. हापशीवरच गोष्ट निंगाली.

सरू म्हनली, "मावशी, साऱ्या गावात नाई अन तुह्या घरी जोडी हाये!"

"ते तसले बेंडकं नाई वो."

"मंग काय, कोंबड्या हायेत?"

सगळ्या हासल्या. म्या म्हनलं, "बाई, ते पान्याबाहेर जगत नाई."

गिरजा म्हनली, "बेंडूक असून पान्याबाहेर जगत नाई? काईबी सांगते. अन आमी का त्याले सुकं ठेवून राह्यलो? दारोदार पानीच तं पडते त्याच्या अंगावर."

काशीबाई मांगून म्हनली, "त्या मास्तरनीच्या घरचे न ते? त्यायच्या घरचं आपल्या देवाच्या कामाले चालन का?"

"आत्या, पाऊस जात पुसून पडते का?" सरूनं तिले गप केलं.

म्या म्हनलं, "लेकराची अमानत हाये. लेकरू दवाखान्यात हाये. मले मांगू नका." घागर उचलून मी घरी आली. मले वाटलं इषय संपला.

दुसऱ्या दिवशी अळ्या सरल्या म्हून मी आदिलाबादले गेली. घराले कुलूप मी कधी लावलं नाई. आमच्या गावात दिवसा कोनीच लावत नाई.

वापस आली तं रस्त्यावर पानीच पानी. प्रत्येक दाराफुडं ओलं. मले वाटलं कोनाचं लग्न हाये का काय. मंग लिंबाचा पाला पडलेला दिसला.

गिरजा माह्याच वट्ट्यावर बसलेली. मुसळ मांडीवर आडवं. मले पाहून उठली नाई.

"बाई," ती म्हनली, "हे हालून नाई राह्यलं."

म्या मुसळ घेतलं. फडकं सोडलं. धोंडी बाई असते म्हून त्यायनं लट्ठ पाहून नेली. गुपचूप होती. पाल्यात नीट ठेवलेली. फडकं ओलं होतं, अंग ओलं होतं. सुकू दिलं नव्हतं त्यायनं, मी सांगतलं ते आयकलं होतं. पन पाठीवर, पोटावर, डोक्यावर हळद-कुकू भरलेलं. घराघरच्या बाईनं लावलं होतं. त्या अंगाले सगळीकडून तोंड. हे मी हापशीवर सांगतलं नव्हतं. अन सांगतलं असतं तरी कोन मानते का कुकवानं कोनी मरते म्हून?

मी तिले कोमट पान्यात सोडली. पानी पिवळं झालं, मंग लाल. ती उलटी होऊन वर आली. पोट वर.

गिरजा म्हनली, "एकच नेली बाई आमी. एक ठेवली न तुह्यासाठी."

म्या तिचे हात पाह्यले. हळदीनं पिवळे झालते. तिनं माह्या लग्नात मले हळद लावलीती त्याच हातानं.

लिंबाच्या झाडाखाली पुरलं. गिरजानंच खुरपं धरलं. वर पाह्यलं तं ढगाचं नावबी नव्हतं.

मॅडमचा फोन आला तवा मी वट्ट्यावरच होती. तिकडून मित्रानं इचारलं, "गुपचूप काय करते?" माह्यासमोर त्या रिबनवाल्या डबीची पोरगी उभी राह्यली. म्या म्हनलं, बेटा, गुपचूप मेली. अन सगळं सांगतलं.

मॅडमनं फोन घेतला. त्यायचा आवाज असा मी कधी आयकला नव्हता. "मावशी, बेंडूक टांगून पाऊस येते का हो? याच्याचसाठी आमी शिकलो का?" मी आयकून घेतलं. त्या बोलून राह्यल्या अन त्यायच्या मांगून मित्रा काईतरी म्हनून राह्यलती. मंग फोन तिच्याकडं गेला.

"आजी."

"हो."

"मंग पाऊस आला का?"

म्या वर पाह्यलं. "नाई बेटा."

तिकडचं मशीन वाजत होतं तेवढं आयकू येत होतं. मंग म्हनली, "भोंग्याले नेऊ देऊ नको. तो पोरगा हाये, त्याच्यानं काई होनार नाई." अन हासल्यावानी केलं. मंग म्हनली, "त्या बायायले मातीचं बनवून दे. मातीचं मरत नाई."

पाऊस मंग आला. उशिरा आला, पन आला. अर्धा कापूस जळाला, अर्धा उठून बसला. गिरजा रानातून ओली होऊन आली, माह्या दारात उभी राह्यली. तोंड उघडलं अन पुन्हा मिटलं. मले माहीत हाये ती काय म्हननार होती. गावात लोकं म्हनतच होते, बुढीची बेंडकी पावली म्हून.

मी मित्राले सांगाले फोन लावला, का बेटा, आला पाऊस. कोनी उचलला नाई. दुसऱ्या दिवशीबी नाई. मंग मॅडमचाच आला. म्हनल्या, "मावशी, मित्रा गेली." एवढंच. पाऊस आला हे मी त्यायले सांगतलं नाई.

मॅडम नंतर एक बार घरी आल्या. बरनीफुडं बसल्या. दिवस मावळाले आलता अन भोंगा वाजाले लागला. त्या उठून अंगनात गेल्या. म्हनल्या, "तुमच्याकडंच राहू द्या. मले याचा आवाज आयकवत नाई." गिरजानं त्यायले चहा नेऊन देला. मॅडमनं चहा पेला.

त्याच्या फुडच्या साली पाऊस पुन्हा लांबला. गिरजा सकाळीच आली अन म्हनली, बाई, माती मळून दे. मी मातीचं बेंडूक बनवून देलं. चारी पायाच्या बोटायमंधी पडदे केले, पोट फुगवलं. ते बांधून बाया फिरल्या. पानी पडून पडून शेवटच्या दारापर्यंत ते इरघळून गेलं. काशीबाई म्हनली, यानं काय होते. पन कोनी माह्या घरात आलं नाई.

भोंगा अजून हाये. लय जगला. सांजच्याले अजून वाजते, जिले बलावते ते नाई हे त्याले कोन सांगन. माह्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, दुसऱ्यात येऊन राह्यला. अळी त्याच्या नाकाफुडं धरतो तं त्यालेबी दिसत नाई अन मलेबी दिसत नाई, चिमटा त्याच्या तोंडाले लागते. हातबी हालते. पोरगा म्हनते, आपरेशन करू. करीन. पन माह्या मांगं त्याचं कोन करन?

म्हून वाचनाऱ्यायले एवढंच सांगनं हाये. तुमच्यापैकी कोनी भोंग्याले घेऊन जा. भीमपूरच्या स्टँडवर पान्याच्या बेंडकाची बुढी कुठी राह्यते म्हून इचारा, लोकं दाखवतात. काई देऊ नका. जाळीचं फडकं अन चिमटा मी देतो. फक्त तंबाकूचा हात नको, अन येताना डब्यात शिळं पानी घेऊन या, मनगटाले थंडं लागू नये असं. अन घरी नेल्यावर कोनी इचारलं का हे काय हाये, तं बेंडूक म्हनू नका.

भोंगा म्हना. नाव त्याले मित्रानं देलं हाये.